फॉरमॅट मागायलंय

कोल्हापुरात राजारामपुरीत माझं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं छोटं दुकान आहे. जुलैमधली गोष्ट, पाऊस धो धो, पंचगंगा ३९ फुटांच्या वर गेलेली त्यामुळं जो तो मोबाईलवर राजाराम बंधाऱ्याचे आकडे बघत बसलेला, आणि सकाळी सकाळी उद्यमनगरातल्या एका काकांचा फोन. "अरे कॉम्प्युटर फॉरमॅट मागायलंय, हो म्हणू काय?" मी ओरडलोच, काका कशाला पण हात लावू नका, आलोच.

काका पॅटर्न बनवतात, म्हणजे फौंड्रीत वाळूत साचा उठवायला जो लाकडाचा नाहीतर अ‍ॅल्युमिनियमचा नमुना लागतो तो. अकरा वर्षांची ड्रॉइंगं डी ड्राइव्हवर. बॅकअप आहे का विचारलं तर म्हणाले आहे की, आणि दाखवला काय, तर डी मध्येच 'बॅकअप' नावाचा फोल्डर. निम्म्या गावाचा बॅकअप असाच असतोय, आता हसू पण येत नाही.

आदल्या दिवशी काही फाईली दिसेनात म्हणून पुतण्यानं मोबाईलवर बघून चेकडिस्क मारलेलं, म्हणजे विंडोजमधलंच डिस्कच्या नोंदी तपासून दुरुस्त करणारं टूल. एकदा नाही, दोनदा. पहिल्या वेळी ज्या एरर आल्या त्या दुसऱ्या वेळी नव्हत्या, वेगळ्याच आल्या, आणि सकाळी चालू केलं तर डी ड्राइव्ह रॉ, म्हणजे विंडोजला आतलं काही ओळखताच येईना. पोराला वाटलं आपल्या हातनं बिघडलं, बिचारा कोपऱ्यात गप बसलेला.

मला पण आधी हार्डडिस्कच गेली वाटलं. पण स्मार्ट रिपोर्ट, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, बघितला तर एकदम स्वच्छ, खराब म्हणून बदललेले सेक्टर शून्य, संशयातले शून्य, केबल खराब असली की सीआरसी एरर वाढतात त्या पण शून्य. मग ते दरवेळी वेगळ्या एरर येणं डोक्यात घुमायला लागलं. डिस्कवर जे बिघडलंय ते बिघडलंय, ते रोज कशाला बदलेल? माझ्या पेनड्राइव्हवर विंडोज इन्स्टॉल करायची मोठी आयएसओ फाईल होती, तिचा हॅश काढला, म्हणजे फाईलीवरनं निघणारा एक आकडा, फाईल तीच तर आकडा पण तोच यायला पाहिजे. परत काढला. परत. एकच फाईल आणि तीन वेळा तीन उत्तरं!

म्हणजे संशय रॅमवर. रॅम तपासणारं मेमटेस्ट लावलं, दहा मिनिटांत एररनं स्क्रीन लालभडक. दोन पट्ट्या होत्या रॅमच्या, एकेक काढून बघितली आणि खराब निघाली ती चार जीबीची, जी मीच दिवाळीत "जरा स्लो चालायलंय" म्हणून काकांना सेकंडहँड टाकून दिलेली. तेव्हा टेस्ट केली होती का? नाही. बसवली, मशीन चालू झालं, पैसे घेतले, निघालो.

म्हणजे आठ महिने काका जे सेव्ह करत होते ते त्या पट्टीतनं डिस्कवर जात होतं, आणि एनटीएफएसचा, म्हणजे विंडोज डिस्कवर फाईली ज्या पद्धतीनं मांडतं तिचा, जर्नल (बदलांची नोंदवही) काय करणार, लाईट गेली तर तो सांभाळून घेतो पण रॅमनंच चुकीचं दिलं तर तो तेच इमानदारीत लिहून ठेवतो. त्यावर चेकडिस्क पण त्याच रॅममध्ये बसून दुरुस्ती करणार, म्हणजे चांगल्या नोंदी पण खराब समजून कापणार. पुतण्याची चूक एवढीच की माझ्यावर विश्वास ठेवला.

डिस्क काढून दुकानात आणली, डीडीरेस्क्यू नावाच्या टूलनं आधी पूर्ण कॉपी घेतली आणि पुढचं सगळं त्या कॉपीवर. बूट सेक्टर, म्हणजे पार्टिशनची माहिती असलेला पहिलाच तुकडा, गेलेला, पण एनटीएफएस त्याची एक प्रत पार्टिशनच्या शेवटाला ठेवतं, टेस्टडिस्क या टूलनं ती परत बसवली आणि फोल्डर दिसायला लागले. दिवाळीआधीची आणि नंतर कधी न उघडलेली ड्रॉइंगं जवळपास सगळी धडधाकट. चेकडिस्कनं फाउंड डॉट झिरो झिरो झिरो मध्ये कोंबलेल्या बिननावाच्या फाईली एकेक हेक्समध्ये, म्हणजे आतले कच्चे बाइट दिसतात तशा, उघडून बघितल्या, ऑटोकॅडच्या फाईलीची सुरुवातच एसी१०२४, एसी१०२७ अशी असते त्यामुळं ओळखता येतं. काही ड्रॉइंगं उघडेनात तर त्यांच्या शेजारची बॅक फाईल, म्हणजे ऑटोकॅडनं ठेवलेली आधीची प्रत, नाव बदलून उघडली. रात्रीचे दीड वाजले.

सकाळी काकांना सगळं खरं सांगितलं, पट्टी माझीच होती म्हणून. ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले, "चहा घे आधी." नवी रॅम आणि बाहेरची एक हार्डडिस्क माझ्या पैशानं दिली, बिल लावलं नाही.

सात ड्रॉइंगं मात्र गेलीच. काका माळ्यावर चढले, तिथनं त्या नगांचे जुने लाकडी पॅटर्न खाली काढले, धूळ झटकली आणि पुतण्याला म्हणाले, साधी पट्टी नको, आकसाची घे. ओतकाम थंड झालं की बीड, म्हणजे ओतीव लोखंड, साधारण एक टक्का आकसतं, तेवढा पॅटर्न मोठा केलेला असतो, म्हणून त्यांच्या पट्टीवरचा मिलिमीटरच जरा मोठा. काका माप सांगत होते आणि पोरगं ड्रॉइंग परत काढत होतं, मी शेजारी बसून दर मापाला सेव्ह दाबायला लावत होतो.