मीटरच्या केबलची वाट

रत्नागिरी, नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी

सकाळी पाऊस उघडला, म्हणून पद्मिनी शेडमधून खळ्यात काढली. बाबांची 1984 सालची प्रीमियर पद्मिनी, 1089 सीसीची, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. इंजिन, ब्रेक, पत्रा सगळं उन्हाळ्यात उरकलं. घोडं अडलं होतं स्पीडोमीटरपाशी.

जुनी केबल खाऱ्या हवेने आतून गंजली होती, ओढली तर नळीतून तपकिरी भुकटी पडली. नवी घातली, ती तीन आठवड्यांत तुटली. आधी काटा तिशी-पन्नाशीत झुलायचा, मग टिकटिक सुरू झाली, परवा शून्यावर बसला तो बसलाच. माल वाईट निघाला, असं मी धरून चाललो होतो.

चाचा आले. पूर्वी मुंबईत टॅक्स्यांची कामं करायचे. बॉनेटखाली वाकले आणि म्हणाले, "हे कोणी आवळलंय?"

मीच. दिसायला नीट वाटावं म्हणून वायरिंगच्या जुडग्याला केबल टायने घट्ट बांधून, जवळच्या वाटेने नेली होती. आतल्या पत्र्यातून डॅशबोर्डमागे शिरताना ती जवळजवळ काटकोनात मुडपली होती.

विजेची वायर कशीही वळवा, चालते. ही केबल आतल्या आत फिरते, हेच मी विसरलो. पोलादी तारांचा पीळ, टोकं चौकोनी. एक टोक गिअरबॉक्समध्ये, दुसरं मीटरमागचं लोहचुंबक फिरवणारं. चुंबक फिरला की त्याला न टेकता बसवलेली अॅल्युमिनियमची वाटी मागोमाग ओढली जाते, आणि केसासारखी बारीक स्प्रिंग तिला धरून ठेवते. काटा त्या वाटीचाच. घट्ट वळणात पीळ अडतो, अडकून ताणला जातो आणि एकदम सुटतो. तो झटका थेट काट्यापर्यंत पोचतो.

"वळणाला वीतभर जागा द्या तिला," चाचा म्हणाले.

पण कुठून न्यायची? एका बाजूला एक्झॉस्टचा तापलेला पाइप, दुसरीकडे गिअरच्या हलत्या दांड्या. चाचांनी पत्र्याच्या मागून बोट फिरवलं आणि माझा हात धरून तिथे नेला. पत्र्याला गोल कंगोरा लागला. स्क्रूड्रायव्हरने खरवडलं तर लांबीचा, म्हणजे रंगाआधी भरतात त्या पुट्टीचा, खडा सुटून आला आणि आत स्वच्छ भोक. वीतभर अंतरावर दुसरं. मूळच्या क्लिपांची भोकं! रंगकाम करताना मीच लांबी भरून बुजवली होती. केबलची वाट गाडीतच होती, ती मी पुसली. तासभर तेच मनात घोळत राहिलं. बाबांनी त्या क्लिपा कितीदा पाहिल्या असतील.

दुपारी दुसरी केबल त्या वाटेने नेली. पाइपापासून दूर, दांड्यांच्या वरून, मोठ्या कमानीत. क्लिपा धरतील इतक्याच आवळल्या. पत्र्यातल्या भोकाला नवा रबरी ग्रोमेट, नाहीतर कडेने वरचं आवरण कापलं जातं. ग्रीस अगदी पातळ लावलं, मीटरकडचा वीतभर भाग कोरडाच ठेवला. तेल वर चढून मीटरमध्ये गेलं तर काटा चिकटतो. मीटरकडचं टोक जोडण्याआधी चाचांनी मागचं एक चाक जॅकवर उचलायला लावलं. गिअर न्यूट्रलला, मी चाक हाताने फिरवलं. केबलचं टोक त्यांच्या चिमटीत एकसारखं फिरत होतं, कुठे अडखळलं नाही.

संध्याकाळी आईला घेऊन भाट्याच्या पुलापर्यंत गेलो. खाडीवरून वारा जोरात होता. पुलावर काटा चाळीसवर उभा राहिला, हललाही नाही. आई तिकडेच बघत होती. "तुझे बाबा इथे चाळीसच्या वर जात नसत," म्हणाली.

परत येताना वीसच्या खाली बारीक टिकटिक ऐकू आली. उद्या मीटरमागचा नट सैल करून केबल पुरती बसलीय का ते बघणार आहे.