दादाचं खातं, दादाचीच सही (माझा अनुभव)

माझ्या दादाला बौद्धिक दिव्यांगत्व आहे, वय ३६. तो कामाला लागला तर पगार खात्यातच जमा होणार म्हणाले, म्हणून बँकेत गेलो. आधार, पॅन, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र) सगळं तयार होतं, मला वाटलं तासाभराचं काम आहे. अडीच महिने गेले!

काउंटरवरच्या मॅडमनी यूडीआयडी बघितलं आणि दादाकडे न बघता मलाच म्हणाल्या, "गार्डियनशिपचं सर्टिफिकेट आणा, मग तुमच्या सहीने उघडू." दादा शेजारी स्वतःचं पेन हातात घेऊन बसलेला. तो सही सावकाश करतो, इतकी दाबून करतो की खालच्या पानावर पण उमटते, पण करतो. मी म्हटलं पैसे त्याचे आहेत, त्याला विचारा ना. नाही. दुसऱ्या खेपेला साहेब रजेवर, तिसऱ्या खेपेला "वर विचारून सांगतो", चौथ्यांदा परत तेच सर्टिफिकेट. घरी येताना दादाने विचारलं, "मी नापास झालो का गं?" त्या रात्री मला झोप लागली नाही.

नातेवाईक म्हणत होते घेऊन टाक ते पालकत्व (गार्डियनशिप). १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्यातल्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज केला की मिळतं ते. पण मग प्रत्येक कागदावर माझी सही चालणार आणि दादाला कोण विचारणार? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम १३ वाचा, त्यात सरळ लिहिलंय की कायद्यापुढे दिव्यांगांची क्षमता इतरांइतकीच, पैशाचे व्यवहार स्वतः करायचा हक्क आहे, आणि मदत करणाऱ्याने दबाव आणायचा नाही. अगदीच गरज पडली तर कलम १४ चं मर्यादित पालकत्व आहे, पण ते ठराविक निर्णयापुरतं, ठराविक मुदतीपुरतं आणि पालक व दिव्यांग व्यक्ती दोघांनी मिळून ठरवायचं.

मग दादाच्या नावाने अर्ज लिहिला, सही त्याची, सोबत कलम १३ ची झेरॉक्स, आणि शेवटी एकच ओळ, खातं उघडत नसाल तर कारण लेखी द्या. चार दिवसांत फोन आला, या म्हणून. तोंडी वाद घालण्यात मी दोन महिने घालवले, तुम्ही घालवू नका, पहिल्याच दिवशी लेखी मागा. आणि दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का घ्याच.

एक सांगायचं राहिलं. बँकेच्या आधीच आम्ही घरी एक कागद केला होता, सोप्या मराठीत, दादाला कशात कुणाची मदत हवी ते. बँकेत मी, दवाखान्यात काका, आणि निर्णय मात्र दादाचा. तो आम्ही फाईलला लावला होता, त्याने बराच फरक पडला असं मला वाटतं. मदतनीस बदलायचा हक्क पण कायद्याने त्यालाच दिलाय, आणि मागच्या महिन्यात त्याने मोबाईलच्या रिचार्जसमोरचं माझं नाव खोडून कामावरच्या मित्राचं नाव लिहायला लावलं.