वडिलांचं पान

ऑक्टोबर संपत आला की डब्लिनच्या दुकानांत बार्मब्रॅकचे ढीग लागतात. बेदाणे घातलेला, जेमतेम गोड पाव. आत कागदात गुंडाळलेली अंगठी असते. ज्याच्या फोडीत ती निघेल त्याचं वर्षाच्या आत लग्न. पूर्वी घरी भाजताना नाणं, चिंधी, वाटाणाही घालत. नाणं म्हणजे पैसा, चिंधी म्हणजे गरिबी आणि वाटाणा म्हणजे यंदा लग्नाचं नाव काढू नका. आता विकतच्या पावात अंगठीच तेवढी उरलीय. पैसे मोजून गरिबी कोण घरी नेणार?

सण मात्र पितरांचा. साउइन. ३१ ऑक्टोबरला सूर्य मावळला की सुरू, कारण केल्टिक, म्हणजे इथल्या प्राचीन केल्ट लोकांच्या, हिशेबात दिवस मावळतीलाच उजाडतो. उन्हाळी कुरणांवरची गुरं खाली आणायची, हिवाळाभर पोसता येणार नाहीत ती कापायची, आणि त्या रात्री गेलेली माणसं घराकडे फिरकतात असं मानायचं. मीथ परगण्यातल्या तारा टेकडीवर सुमारे ५००० वर्षांपूर्वीचं एक थडगं आहे. याच दिवसांत उगवतीचं ऊन त्याच्या आत शिरतं. ते बांधणारे केल्टांच्याही कितीतरी आधीचे. त्यांचा सण कुठला होता देव जाणे.

माझी शेजारीण पेगन आहे, म्हणजे ख्रिस्ती धर्माआधीचे देव आणि सण मानणारी. हे तिला आजीकडून आलेलं नाही. आजी नेमाने चर्चला जाणारी. आजच्या पेगन लोकांचं आठ सणांचं वर्षचक्र १९५० च्या दशकात ब्रिटनमध्ये जुळवलं गेलं, जेराल्ड गार्डनर आणि रॉस निकोल्स या नवपेगन पुढाऱ्यांच्या वर्तुळात. सप्टेंबरातल्या सणाचं ‘माबोन’ हे नाव तर १९७० च्या दशकात एका अमेरिकन माणसाने ठेवलेलं. हे सगळं तीच हसत हसत सांगते. मला यात काही खोट दिसत नाही. सण कुणीतरी कधीतरी सुरू केलेलाच असतो, हिला तारीख ठाऊक आहे इतकंच.

तिच्याकडे हॅलोविनचा, चेहरा कोरून आत दिवा लावायचा भोपळा चालत नाही. भोपळा अमेरिकेचा, आयर्लंडचं खरं सलगम. ते कोरायला बसलं की कळतं, अमेरिकेत गेल्यावर लोकांनी भोपळा का धरला ते. कच्चं सलगम लाकडासारखं टणक. चमचा वाकतो, मनगट भरून येतं आणि तासाभराने दोन डोळे कसेबसे होतात. दात हवे असतील तर दुसरा तास. आत मेणबत्ती लावली की झाकण करपतं आणि स्वयंपाकघरभर जळक्या कोबीचा वास सुटतो. चेहरा मात्र असा भेसूर होतो की भोपळा त्यापुढे अगदीच बाळसेदार.

मग मुकं जेवण. एक पान जास्तीचं, तिच्या वडिलांचं : केल (कोबीच्या जातीचा पाला) घालून घोटलेला बटाटा, मधोमध लोण्याचं आळं, शेजारी काळाकुट्ट चहा. जेवताना कुणी बोलायचं नाही. मीठ हवं होतं, तर मी बोटाने खुणावलं आणि तिने मिरपूड पुढे केली. तीच घातली. मंत्र नाहीत, सोवळं नाही, चुकलं म्हणून डोळे वटारणारं कुणी नाही. मला एरवी अशा मोकळ्याढाकळ्या विधींत अवघडल्यासारखं होतं, इथे झालं नाही. बहुतेक त्या चहामुळे. माणसाला चहा कसा लागायचा हे लक्षात ठेवणं हे काही थोडंथोडकं श्राद्ध नव्हे.

जेवणानंतर ते पान मागच्या अंगणात ठेवायचं. रात्री कोल्हा येऊन चाटूनपुसून जातो, असं ती बिनदिक्कत सांगते. मी म्हटलं, आमच्याकडे कावळा लागतो.

“आणि नाही आला तर?”

मग काय काय कबूल करतात ते सांगितलं. धाकट्याचं लग्न करू, बहिणीला अंतर देणार नाही, घर विकणार नाही. तरीही नाहीच शिवला तर दर्भाचा कावळा करतात आणि तोच पिंडाला टेकवतात.

ती इतकी हसली की मेणबत्ती विझली.

“म्हणजे तुम्हीही जुळवून घेताच की!” म्हणाली, आणि दर्भ इथे कुठे मिळेल ते विचारायला लागली.