थांबणार असाल तर सांगतो

"कसे आहात?" असे विचारून, उत्तराची वाट न पाहता मी पुढे निघालो होतो, तेवढ्यात मागून शांत आवाज आला, "थांबणार असाल तर सांगतो."

आजच्या उपासनेनंतर चर्चच्या दाराशी घडलेला हा प्रसंग. बोलणाऱ्या वृद्ध गृहस्थांच्या स्वरात तक्रार नव्हती, म्हणूनच ते वाक्य दिवसभर टोचत राहिले. मी थांबलो, पण खरे सांगायचे तर लाजेपोटी थांबलो, प्रेमापोटी नव्हे.

बायबलमधील लूकच्या शुभवर्तमानाच्या 10व्या अध्यायातील चांगल्या शोमरोन्याचा दाखला, म्हणजे लुटारूंनी जखमी करून टाकलेल्या अनोळखी माणसाला मदत करणाऱ्या शोमरोन प्रांतातील प्रवाशाची येशूने सांगितलेली गोष्ट, मी लहानपणापासून ऐकत आलो आहे, आणि प्रत्येक वेळी माझे लक्ष जखमांवर ओतलेल्या तेलाकडे व द्राक्षारसाकडे, किंवा उतारशाळेच्या मालकाला दिलेल्या 2 दिनारांकडे, म्हणजे त्या काळच्या मजुराच्या दोन दिवसांच्या मजुरीकडे, जात असे. आज घरी येऊन तो उतारा पुन्हा वाचला, तेव्हा 35व्या वचनातील "दुसऱ्या दिवशी" या शब्दांवर अडखळलो. त्याने पैसे दुसऱ्या दिवशी दिले. म्हणजे यरुशलेमहून यरीहोकडे जाणाऱ्या वाटेवर सापडलेल्या त्या अनोळखी माणसाजवळ तो रात्रभर राहिला होता.

दानपेटीत पैसे टाकताना माझा हात आता अडखळत नाही. घड्याळाकडे मात्र तो आजही गेला, आणि ते त्या गृहस्थांनी पाहिले. पत्नीच्या आजारपणाबद्दल बोलता बोलता ते मध्येच म्हणाले, "तुम्हाला उशीर होत असेल."

मी "नाही" म्हणालो. त्यांना ते खरे वाटले असेल का?