फॉर्मवर ‘बोटॉक्स’ लिहिलं आणि दीड महिना गेला

२०१७ च्या अपघातात मज्जारज्जूला मार बसला, तेव्हापासून लघवी माझ्या ताब्यात नाही. २०१९ मध्ये आतड्याचा तुकडा जोडून लघवीची पिशवी मोठी केली. दिवसातून पाच वेळा कॅथेटर (लघवी काढायची नळी) घालायचा, सलाइनने आतला चिकट स्राव धुऊन काढायचा, हे सगळं अंगवळणी पडलं होतं. गेल्या वर्षी मात्र पुन्हा गळायला लागलं. ऑफिसात, बसल्या जागी. गोळ्यांनी तोंड कोरडं पडायचं, पोट साफ व्हायचं नाही आणि गळती तशीच. पिशवीतला दाब मोजणाऱ्या युरोडायनॅमिक तपासणीत कळलं, की पिशवीचा मूळ स्नायू अजूनही मधूनच जोरात आवळतोय. माझे डॉक्टर सर म्हणाले, बोट्युलिनम टॉक्सिन म्हणजेच बोटॉक्स देऊ, २०० युनिट. नसेकडून स्नायूला जाणारा निरोप ते अडवतं; गुण साधारण सहा ते नऊ महिने राहतो, मग पुन्हा घ्यायचं.

इथपर्यंत काहीच अडलं नाही. अडलं ते विम्यापाशी.

टीपीए (विमा कंपनीच्या वतीने दावे बघणारी संस्था) काउंटरवरच्या मुलाने कॅशलेसच्या फॉर्मवर ‘बोटॉक्स इंजेक्शन’ एवढंच लिहिलं. दुसऱ्या दिवशी मेसेज आला: नामंजूर, कॉस्मेटिक उपचार. मी लगेच फोन केला.

“मॅडम, बोटॉक्स पॉलिसीत बसत नाही.”

“अहो, ते लघवीच्या पिशवीत द्यायचंय.”

“हो मॅडम, पण बोटॉक्सच ना?”

हेच बोलणं मी चार दिवसांत तीन वेगवेगळ्या माणसांशी केलं. प्रत्येकाला अपघातापासून सगळं सांगायचं, पॅड किती लागतात तेही सांगायचं, आणि शेवटी तोच प्रश्न ऐकायचा. तिसऱ्या फोननंतर मी रडले. मग त्यांनी २०१९ चं डिस्चार्ज कार्ड मागितलं, ते दिलं. मग विचारलं, हे ओपीडीत का होत नाही? त्याचं उत्तर सरांकडून आणून दिलं. यात तीन आठवडे गेले आणि दरम्यान माझा लघवीचा कल्चर (जंतू तपासणीचा) रिपोर्ट जुना झाला. संसर्ग असताना हे इंजेक्शन देत नाहीत. आम्हा कॅथेटरवाल्यांच्या लघवीत जंतू सापडतातच, एक स्वच्छ रिपोर्ट मिळवायला जीव मेटाकुटीला येतो. नव्या कल्चरमध्ये ई. कोलाय निघाले. अँटिबायोटिकचा कोर्स, पुन्हा कल्चर, पुन्हा तारीख. त्या वाया गेलेल्या रिपोर्टचा राग अजून गेलेला नाही.

शेवटी दादाने पॉलिसीचं पुस्तक उघडून बसवलं. कॉस्मेटिकचं कलम ०८ नंबरचं. त्याच कलमात पुढे लिहिलंय, की तब्येतीला थेट धोका असेल आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी तसं प्रमाणपत्र दिलं, तर ही बंदी लागू होत नाही. फोनवर एकानेही हे सांगितलं नव्हतं. सरांनी लेटरहेडवर लिहून दिलं: मज्जारज्जूच्या इजेमुळे झालेला आजार, पिशवीतला दाब वाढून किडनीला असलेला धोका, गोळ्यांचा उपयोग न झाल्याची नोंद. उपचाराच्या रकान्यात ‘दुर्बिणीतून मूत्राशयाच्या स्नायूत बोट्युलिनम टॉक्सिन’. ब्रँडचं नाव कुठेही नाही. दोन दिवसांत मंजुरी आली.

म्हणून सांगते, फॉर्म काउंटरवर सोडून येऊ नका, काय लिहिलंय ते वाचा. नकार लेखीच मागा. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ३० दिवसांत दाद दिली नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं, त्याला फी नाही.

प्रत्यक्ष इंजेक्शनला वीस मिनिटं लागली. सरांनी स्क्रीनवर दाखवलं: एका बाजूला आतड्याचं ठिगळ, त्यावर चिकट पांढरे धागे, आणि दुसरीकडे मूळ पिशवी. सुई मूळ स्नायूतच, तीस ठिकाणी. दोन दिवस लघवी गुलाबी आली.

आणि हो, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगा. अमिकासिन, जेंटामायसिन ही अँटिबायोटिक्स चालू असतील तर तेही, त्याने या औषधाचा जोर वाढू शकतो. जे अजून स्वतः कॅथेटर घालत नाहीत त्यांनी आधी शिकून घ्यावं, इंजेक्शननंतर लघवी तुंबू शकते.

अकराव्या दिवशी सकाळी उठले तर चादर कोरडी होती. हात फिरवून पुन्हा बघितलं. आईला हाक मारली, तिनेही हात फिरवून बघितला. सरांच्या त्या पत्राच्या पाच झेरॉक्स काढून फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवल्यात, पुढचं इंजेक्शन दिवाळीनंतर आहे.