रॅप्टर 700: दीड इंचाचा हिशेब

यंदा माझ्या रॅप्टर 700 च्या, म्हणजे यामाहाच्या चार चाकांच्या ऑफ-रोड गाडीच्या (क्वाडच्या), इंजिनाला हात लावायचा नाही, असं बर्फ वितळायच्या आधीच ठरवलं होतं. 686 सीसी माझ्यासारख्या शनिवार-रविवारवाल्याला पुरून उरतात. प्रश्न रुंदीचा होता. रॅप्टर 700आर फॅक्टरीतून येते ती 1170 मिलिमीटर, म्हणजे 46.1 इंच. माझी सेकंडहँड आहे, पण पुढची चाकं धरणारे आर्म आणि मागच्या चाकांचा आस (अ‍ॅक्सल) मूळचेच. मिशिगनमधल्या सिल्व्हर लेकच्या वाळूत डोंगराच्या कडेनं तिरकं जाताना ती ज्या प्रकारे एका बाजूला झुकते, ते पाहून गेल्या ऑक्टोबरात माझ्या पोटात दोनदा गोळा आला. तिथली वाळू गाड्यांसाठी 31 ऑक्टोबरला बंद होते. त्यामुळे तो गोळा घेऊनच डेट्रॉइटला परत आलो आणि हिवाळाभर गॅरेजात टेप घेऊन बसलो.

मे, पहिला प्रयोग: फक्त मागे

मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दीड-दीड इंचाचे स्पेसर, म्हणजे चाक बाहेर सरकवणाऱ्या जाड चकत्या, लावले. स्वस्त आणि तासाभराचं काम. एक सूचना: या गाडीला पुढे 4/144 आणि मागे 4/115 असा वेगवेगळा बोल्ट पॅटर्न (बोल्टची संख्या/त्यांच्या वर्तुळाचा व्यास मिलिमीटरमध्ये) आहे. चारही स्पेसर एकाच मापाचे मागवलेत तर दोन परत पाठवावे लागतील. (मी पाठवले.)

वाळूत फरक लगेच कळला. तिरक्या चढावर गाडी बसल्यासारखी चालली. खूश होऊन पुढच्या आठवड्यात ह्युरन-मॅनिस्टीच्या जंगलात गेलो आणि तिथे तीच गाडी बैलासारखी अडून बसली. हँडल वळवावं तर पुढची चाकं वाळूत नांगर धरतात आणि गाडी सरळ झाडाकडे. आधी वाटलं टायर. हवा कमी-जास्त केली, काही फरक नाही.

मग संध्याकाळी कागद घेतला. खरं तर हे आधी करायला हवं होतं. पुण्यात असताना सस्पेन्शनवर काम करून पोट भरलेल्या माणसाला हे सांगायला लाज वाटते.

स्पोर्ट क्वाडला मागे डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या गतीनं फिरू देणारी यंत्रणा, नसतं. दोन्ही चाकं एकाच अ‍ॅक्सलला घट्ट, दोघांची गती एकच. बैलगाडीची चाकं आसावर आपापली फिरतात म्हणून ती वळते. रेल्वेची चाकं आसाला घट्ट असतात, पण त्यांची धाव शंकूसारखी उतरती असल्यामुळे वळणावर बाहेरचं चाक मोठ्या परिघावर चालतं. आपल्याकडे यातलं काहीच नाही. वळताना आतलं किंवा बाहेरचं, कोणतं तरी टायर घासलंच पाहिजे.

किती घासलं पाहिजे? टायरच्या मध्यापासून मध्यापर्यंत माझं मागचं माप 91.5 सेंटिमीटर होतं, स्पेसरनंतर 99 झालं. पूर्ण यू-टर्न मारला की बाहेरच्या आणि आतल्या चाकाच्या वाटेतला फरक म्हणजे पाय (π) गुणिले हे माप: आधी साधारण 287 सेंटिमीटर, आता 311. गंमत म्हणजे वळण मोठं आहे की लहान, याचा यात संबंधच नाही. दर यू-टर्नला टायरनं 24 सेंटिमीटर जास्त घासायचं, आणि घासणारं टायर गाडीला सरळच ढकलत राहतं.

पण खरी गोम दुसरीच निघाली. मागे अ‍ॅक्सल धरणारा एकच झुलता दांडा (स्विंगआर्म), एकच शॉक अ‍ॅब्सॉर्बर. दोन्ही चाकं बरोबरच वर-खाली होतात, म्हणून मागची बाजू सस्पेन्शनवर कलतच नाही, फक्त टायरच्या लवचिकतेवर कलते. त्यामुळे वळणात वजन बाहेर सरकतं ते मुख्यतः मागच्या बाजूला, आणि आतलं मागचं चाक हलकं होतं. ते हलकं झालं की घासायला काही उरत नाही आणि गाडी वळते! मी मागे रुंदी वाढवून त्या चाकाला जमिनीवर चिकटवून ठेवलं. वाळूतल्या उतारावर जे देवासारखं धावून आलं, तेच झाडांमध्ये आड आलं.

यामाहानं हे केव्हाच ओळखलं होतं. 2009 ची वायएफझेड450आर मोटोक्रॉससाठी 1240 मिलिमीटरची, आणि 2010 मध्ये आलेली वायएफझेड450एक्स जंगलासाठी 1170 ची. दोन गाड्यांत सात सेंटिमीटर. आपण मात्र स्पेसर विकत घेऊन शिकतो.

जून, दुसरा प्रयोग: मागचे काढले, पुढचे लावले

आता पुढे दीड इंच, मागे मूळचं. नाक वळणात धरून बसायला लागलं. हँडल टाकलं की गाडी येते. जंगलात इतकी मजा गेल्या तीन वर्षांत आली नव्हती.

दोन दिवस. तिसऱ्या दिवशी व्हूप्समध्ये (लागोपाठच्या उंचवट्यांवर) पुढचा शॉक तळाला आपटायला लागला. स्पेसर म्हणजे चाक बाहेर, शॉक जागच्या जागी, तेव्हा स्प्रिंगवरची तरफ लांबली. खालच्या आर्मच्या आतल्या पिव्हटपासून (बिजागरीपासून) टायरच्या मध्यापर्यंत माझ्या गाडीवर 40 सेंटिमीटर भरतात, आता 43.8. चाकाला जाणवणारा स्प्रिंगचा कडकपणा या गुणोत्तराच्या वर्गानं कमी होतो: जवळपास 17 टक्के. दीड इंचात एवढं जातं. मागे तसं होत नाही. स्विंगआर्म गाडीच्या लांबीच्या दिशेनं असतो आणि वर-खाली झुलतो, चाक बाहेर नेल्यानं त्याची लांबी बदलत नाही. म्हणून पहिल्या प्रयोगात हे लक्षातच आलं नव्हतं.

प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) दोन फेरे वाढवला, आपटणं कमी झालं, पूर्ण गेलं नाही. प्रीलोडनं उंची परत मिळते, कडकपणा नाही. शिवाय स्क्रब रेडियस (चाक ज्या आसाभोवती वळतं तो जमिनीला जिथे भिडतो, तिथून टायरच्या मध्यापर्यंतचं अंतर) वाढल्यामुळे झाडाची मुळी आली की हँडल हातातून हिसकलं जातं. दिवसाअखेर मनगटं अशी दुखली की बायकोनं पोळ्या लाटायला मला सांगितलंच नाही.

जुलै: लांब आर्म घ्यावेत का?

मित्र म्हणतात ‘प्लस टू’ घे, म्हणजे दर बाजूला दोन इंच लांब आर्म. त्यात स्क्रब रेडियस बिघडत नाही, ही मोठी सोय. पण हँडलची हालचाल चाकांपर्यंत नेणारे टाय रॉडही तेवढेच लांब लागतात आणि मूळचे शॉक बहुतेक वेळा पुरे पडत नाहीत. म्हणजे शॉकसकट पूर्ण किट, आणि तेवढ्या पैशात पुण्याला जाऊन येणं होतं. शिवाय चार इंच वाढले तर मी 50 इंचांच्या वर जातो, आणि मिशिगनच्या अनेक ओआरव्ही (ऑफ-रोड वाहनांच्या) ट्रेल्सना तीच मर्यादा आहे.

ती मर्यादा मोजताना स्वतः गाडीवर बसा आणि दुसऱ्याला टेप धरायला सांगा. तुमच्या वजनानं सस्पेन्शन दबतं, खाली झुकलेले आर्म आडवे व्हायला लागतात आणि पुढची रुंदी वाढते. माझ्या गाडीवर रिकामी आणि बसून यात पावणेदोन सेंटिमीटरांचा फरक आला.

सध्याची मांडणी

पुढे दर बाजूला एक इंच, मूळच्यापेक्षा एक नंबर जास्त कडक स्प्रिंग, मागे मूळचं अ‍ॅक्सल. वाळूला जायचं असेल तर मागचे दीड इंचाचे स्पेसर आदल्या रात्री लावतो, परत आलो की काढतो. चाळीस मिनिटांचं काम. प्लस टू आर्मचा नाद सोडला. जंगलात आता मीच कमी पडतो, गाडी नाही.

वीस किलोमीटर चालवून स्पेसरचे नट पुन्हा टॉर्क केले. पुढच्या डाव्या चाकाचा एक पाव फेरा फिरला. तो आज पुन्हा बघणार आहे.