कोण हाय आत?

आईच्या बारा हिरव्या बांगड्या माझ्या शर्टाच्या खिशात, मंगळसूत्र पाकिटात आणि कवळी एका प्लॅस्टिकच्या डबीत. ऑपरेशनमध्ये रक्त थांबवायला विजेवर चालणारं यंत्र वापरतात, अंगावर धातू असला तर चटका बसू शकतो, असं सिस्टरनं सांगितल्यावर आईनं मंगळसूत्र मुकाट्यानं काढून दिलं. पण काचेत कुठली आलीय वीज, हा मुद्दा तिनं बराच वेळ लावून धरला. "हात सुजला की बांगडी रुततीय मावशी," म्हणत सिस्टरनं साबण लावून एकेक उतरवली. महाद्वार रोडवर गेल्याच महिन्यात भरलेल्या. मोकळ्या हातानं आत जायला ती तयार होईना, तेव्हा सिस्टरनं मनगटाला गॉजची पट्टी बांधली. हे तिला पटलं. स्ट्रेचर आत गेलं तेव्हा आठ वाजून दहा मिनिटं झाली होती.

डॉक्टर दीड तास म्हणाले होते. हा दीड तास डॉक्टरांचा असतो, हे मला त्या दिवशी कळलं. तो सुरी लावल्यापासून टाके घालेपर्यंतचा. त्याआधी पाठीत इंजेक्शन, मग पाय बधिर व्हायची वाट, मग औषधानं पाय रंगवणं, चादरी टाकणं. नंतर पुन्हा रिकव्हरीत बीपी बघत ठेवणं. आपलं घड्याळ मात्र दार बंद झालं की चालू होतं.

बाहेरच्या बाकांवर ओळख करून घ्यायची एक रीत आहे. नाव-गाव नंतर. आधी, "कोण हाय आत?"

"आई. गुडघा."

"आमचं मालक. मुतखडा." या निपाणीच्या मावशी. पलीकडचं तरुण जोडपं सिंधुदुर्गातनं आलेलं, त्यांचं पित्ताशय. कोल्हापूरच्या दवाखान्यात बसलं की निम्मा कोकण आणि थोडं कर्नाटक भेटतं. मावशींनी शेंगदाण्याची चटणी आणि भाकरीचा डबा उघडला, अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली. आण्णांनी नको म्हटलं. आई रात्रीपासून उपाशी, म्हणून हेही उपाशी. तसं बोलले नाहीत, पण चहाला तीनदा नाही म्हणणारे आण्णा मी पहिल्यांदाच पाहत होतो.

आण्णा तरुणपणी तालमीत जायचे. खासबागेत कुस्त्या असल्या की दुपारपासून रात्रीपर्यंत बूड हलवायचे नाहीत. इथं दर पाच मिनिटांनी उठत होते.

"बसा की," मी म्हणालो.

"काय दिसतंय का हितनं?" ते दाराकडं बघत म्हणाले. "महाराजांनी मैदान बांधलं ते कसं! पार शेवटच्याला पण आखाडा दिसतोय."

खरंच आहे ते. १९१२ साली बांधून झालेलं ते मैदान म्हणजे एक मोठा खोलगट वाडगाच. मधे आखाडा, भोवती चढत गेलेली बैठक. इथं आम्ही पहिल्या रांगेत, आणि समोर 'आत येऊ नये' लिहिलेलं दार.

ते दार उघडलं की आतून आवाज यायचा, "पेशंटचे नातेवाईक!" कुठल्या पेशंटचे, ते पुढच्या श्वासात. तोवर गुडघा, मुतखडा, पित्ताशय सगळे उभे. माझा हात आधी छातीवरच्या खिशाकडं जायचा, बांगड्यांना धक्का लागू नये म्हणून. शेवटी आण्णाच म्हणाले, "दे इकडं." रुमालात घेऊन बसले. त्यातली एक काढून बोटांत फिरवत राहिले, जपमाळेसारखी.

मी मोबाइलवर गुडघा बदलणं वाचत बसलो. वाचू नये. मांडीला पट्टा आवळून रक्त थांबवतात, हाडांची झिजलेली टोकं कापतात, वर धातूची टोपी, खाली धातूची बैठक, मधे प्लॅस्टिक. चिकटवायचं सिमेंट दहा-पंधरा मिनिटांत घट्ट होतं. टाके घालण्याआधी गॉजचे तुकडे मोजतात, आत गेले तितके बाहेर आले पाहिजेत. हे शेवटचं वाचून जरा बरं वाटलं. आत कोणीतरी मोजतंय.

सव्वाअकराला आई बाहेर आली. चेहरा उतरलेला, तोंड मात्र चालू. भूल कमरेखालीच, त्यामुळं बाई आत जाग्या होत्या.

"पडद्याच्या पल्याड नुसती ठोकाठोक," ती म्हणाली. "मला वाटलं दवाखान्यात फर्निचरचं काम काढलंय. माझाच पाय हाय हे कुणाला म्हाईत!" भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंचं माहेर गडहिंग्लजचं, सासू कडक, धाकटा पोरगा दहावीला, एवढं ती विचारून आली होती. आम्ही तीन तास बाहेर जे काय काय बघत होतो, त्यातलं आत काहीच झालं नव्हतं.

कवळी बसवून झाल्यावर तिनं सलाईन नसलेला हात पुढं केला. "आण बांगड्या."

आण्णांनी रुमाल तिच्या पोटावर ठेवला. तिनं पडल्या पडल्याच एकेक बाजूला सरकवली, पुन्हा सरकवली.

"अकराच हायत."

आण्णा खिडकीतून बाहेर बघत होते. एक हात शर्टाच्या खिशावर.

"एक वाढली," ते म्हणाले.